रबरमिश्रित डांबर आणि कोल्हापूरचे रस्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायतीचे सदस्य, कॉलनीतली मंडळी, नवे ठेकेदार आणि ऊस वाहतूक करणारे ट्रॅक्टरमालक जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण नुकसान नेमके तिथेच होते.

रबर घातलेले डांबर म्हणजे नेमके काय?

जुन्या टायरचा बारीक भुगा कडक तापवलेल्या डांबरात घोटून तयार केलेले डांबर. अंदाजपत्रकात आणि निविदेत ते ‘सीआरएमबी’ (क्रम्ब रबर मॉडिफाइड बिटुमेन) या नावाने दिसते.

साधे डांबर म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल काढून झाल्यावर तळाला उरणारा जड भाग. ते उन्हात मऊ पडते, थंडीत आखडते आणि वर्षे गेली की ठिसूळ होते. रबराचा भुगा त्यात पडला की डांबरातले हलके तेलकट घटक शोषून भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा फुगतो, मूळ आकाराच्या दोन-तीन पट. तो साखरेसारखा विरघळून जात नाही, फुगलेल्या कणांच्या रूपात डांबरातच राहतो. त्यामुळे डांबर दाट आणि चिवट होते, आणि दाब निघून गेल्यावर थोडेफार मूळ जागी परत येते. शिवाय टायरमधल्या काळ्या कार्बनमुळे आणि त्यातल्या इतर रसायनांमुळे डांबर उन्हाने जुने होण्याचा वेगही मंदावतो.

हे नवीन खूळ आहे का?

नाही. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात चार्ल्स मॅकडोनाल्ड या अभियंत्याने १९६० च्या दशकात खड्डे आणि भेगा बुजवण्यासाठी टायरच्या भुग्याचे डांबर वापरायला सुरुवात केली. पुढे ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात ते नेहमीचेच झाले. आपल्याकडे २००४ साली आयएस १५४६२ हे भारतीय मानक आले आणि त्यात रबर व पॉलिमर घातलेल्या डांबराच्या कसोट्या ठरल्या. रस्तेबांधणीचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची एसपी ५३ ही मार्गदर्शिका याच विषयावर आहे. रबराची लागवड असलेल्या केरळात तर झाडाच्या चिकापासून मिळणारे नैसर्गिक रबरही डांबरात घालतात. म्हणजे कोणी ‘प्रयोग करून बघू’ म्हणाले, तर प्रयोगाचा काळ केव्हाच संपला आहे असे त्यांना सांगा. आता प्रश्न आहे तो काम नीट करण्याचा.

रेझिन कशासाठी घालतात? रबर पुरत नाही का?

दोघांची कामे वेगळी. रबर लवचिकता देते. रेझिन हा चिकट, राळेसारखा पदार्थ. तो डांबराला कडकपणा देतो आणि खडीला घट्ट धरून ठेवायला मदत करतो. ‘रेझिन’ या एका नावाखाली बाजारात बरेच काही विकले जाते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पेट्रोलियम रेझिन डांबराची चिकटण्याची ताकद वाढवते. त्याचाच रंगहीन प्रकार वापरून रंगीत रस्ते करतात, उदाहरणार्थ सायकलमार्ग किंवा तलावाकाठची पायवाट. गिल्सोनाइट हे अमेरिकेतल्या युटा राज्यात खाणीतून निघणारे नैसर्गिक डांबरी रेझिन. त्याने डांबर कडक होते, पण प्रमाण जास्त झाले तर तडे जातात. इपॉक्सी रेझिनचे डांबर एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ-हेवर्ड पुलाच्या पोलादी डेकवर १९६७ साली ते टाकले होते. फार महाग असल्याने ते पोलादी पुलांसारख्या ठिकाणीच परवडते. आणखी एक पदार्थ आहे, ट्रान्स-पॉलिऑक्टेनामर. हे मुळात एक कृत्रिम रबर, पण विक्रेते त्याला रेझिनांतच मोजतात. टायरचा भुगा आणि डांबर यांची सांगड घालायला ते भुग्याच्या तुलनेत अगदी थोडे घालतात. त्यामुळे मिश्रण एकजीव राहते आणि रोलरला कमी चिकटते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक रस्त्यांना यांपैकी काहीच वेगळे लागत नाही. चांगले सीआरएमबी आणि खडी सुटू नये म्हणून घालायचे ॲन्टी-स्ट्रिपिंग रसायन किंवा चुना, एवढ्यावर भागते. कोणी चकचकीत माहितीपत्रक दाखवून ‘आमचे रेझिन घाला, खड्डाच पडणार नाही’ म्हणाले, तर मृदुबिंदू (डांबर किती अंशांवर मऊ पडते), लवचिक पुनर्प्राप्ती (ताणून सोडल्यावर ते किती परत येते) आणि पाण्यातली ताकद या तीन चाचण्यांचे अहवाल मागा. अहवाल नसेल तर बोलणे तिथेच थांबवा.

मग कोल्हापुरात कुठे वापरावे?

माझे मत ठाम आहे. सगळीकडे नको. जिथे रस्त्याचा पाया शाबूत आहे आणि वरचा थर वाहनांच्या माराने जातो, तिथे वापरावे.

पहिली जागा म्हणजे साखर कारखान्यांकडे जाणारे रस्ते. गळीत हंगामात बिद्री, कुडित्रे, परिते, कसबा बावडा, शिरोळ या बाजूंना दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. रस्त्याचे नुकसान आसावरच्या वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही. ते साधारण चौथ्या घातात वाढते, हे अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या आशो रोड टेस्ट या रस्त्यांच्या चाचणीतून पुढे आले. म्हणजे आसावर दीडपट वजन टाकले तर नुकसान पाचपट. त्यात ट्रॅक्टर सावकाश चालतो. डांबरावर भार जितका जास्त वेळ राहील तितके ते जास्त दबते. म्हणून त्याच वजनाचा वेगाने जाणारा ट्रक जेवढी चाकोरी पाडत नाही, तेवढी रेंगाळत जाणारी ट्रॉली पाडते. रबराची चिवटाई इथे खरोखर कामाला येते.

दुसरी जागा घाट. गगनबावड्याचा करूळ घाट, आंबा घाट, फोंडा घाट. चढावर चाके रस्ता मागे रेटतात, उतारावर ब्रेकने पुढे ढकलतात, वळणावर बाजूला ओढतात. साधा थर अशा ठिकाणी सरकून लाटा येतात.

तिसरी जागा शहरातले थांब्याचे चौक. कावळा नाका, दसरा चौक, तावडे हॉटेलजवळचा भाग. सिग्नलला बस आणि ट्रक उभे राहतात, उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त, ६० अंशांच्या आसपास तापतो, आणि चाकांखाली खळगे बसतात.

मात्र कारखान्याच्या गाडीतळावर, जिथे भरलेल्या ट्रॉल्या तासन् तास उभ्या असतात आणि डिझेल, ऑइल ठिबकत असते, तिथे कुठलेच डांबर घालू नका. डिझेल डांबर विरघळवते, रबराचे असले तरी. तिथे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉकच हवेत.

आमच्या गल्लीतला रस्ता दर पावसाळ्यात उखडतो. रबर घातले तर टिकेल का?

आधी गटार बघा. मग साइडपट्टी बघा. रस्त्याच्या मधोमध उभे राहून पाणी दोन्ही बाजूंना पळते का ते बघा.

पाणी डांबराच्या थरात शिरले की वरून जाणारे प्रत्येक चाक ते दाबते. दाबलेले पाणी खडी आणि डांबर यांच्या मध्ये घुसते आणि डांबराचा पापुद्रा सोडवते. दोन-चार खडे निघाले की खड्डा सुरू. रबराने हा पापुद्रा जाड आणि चिवट होतो, त्यामुळे थोडा वेळ मिळतो. पण पाणी साचतच राहिले तर रबराचे डांबरही सुटते, फक्त उशिरा आणि जास्त पैसे खाऊन. शहराच्या जुन्या पेठांमध्ये, शिवाजी पेठेत किंवा गंगावेशीत, दर वेळी जुन्यावर नवा थर चढवल्याने रस्ता उंबऱ्यांपेक्षा वर गेलेला दिसतो. पाण्याला जायला जागा उरत नाही. तिथे आधी जुना थर खरवडून काढणे, उतार साधणे आणि मग नवा थर टाकणे हाच क्रम हवा.

आणखी एक कारण म्हणजे पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनसाठी खोदलेली चर. ती नीट दाबून भरली नाही तर खालचा भराव बसतो. वरच्या थरात काय घातले याने तिथे काडीचाही फरक पडत नाही.

पुरात बुडणाऱ्या रस्त्यांचे काय?

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली, हे सगळ्यांनी पाहिले. शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या नदीकाठाला काळी माती आहे. ती भिजली की फुगते, सुकली की आकसून फाटते. रस्ता वरून कोरडा दिसला तरी खालची माती कित्येक दिवस भिजलेलीच असते. पूर ओसरल्या ओसरल्या जड वाहने सोडली तर पायाच दबतो, आणि मग वरचे डांबर कितीही उंची असले तरी तुटते.

म्हणून अशा रस्त्याला पैसे आधी खाली घाला. काळी माती काढून चांगला मुरूम, पाणी पळवणारा थर, पुरेशा मोऱ्या, दगडी किंवा काँक्रीटची कड. उसाला पाणी देताना पाट रस्त्याच्या अंगाला लागून नेला तर तोही रस्ता बाजूने कुजवतो. हे शेतकऱ्यांना सांगताना गावातल्या गावात वाईटपणा येतो, पण सांगायला हवे. एवढे सगळे जमले तर मग वरचा थर रबराचा करण्यात अर्थ आहे.

टायर कोणता लागतो? आमच्याकडे जुने टायर पडून आहेत, ते देता येतील का?

थेट रस्त्याच्या कामावर नाही. टायर आधी कापतात, त्यातली पोलादी तार चुंबकाने आणि धागा वेगळा काढतात, आणि मग दळून भुगा करतात. डांबरात मिसळायचा भुगा साधारण ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेला, कोरडा आणि तार-धाग्याविना असावा लागतो. ट्रक आणि बसच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचे प्रमाण जास्त असते, म्हणून त्यांचा भुगा जास्त पसंत केला जातो.

जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायर उत्पादक आणि आयातदारांवर जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकणारे नियम काढले. जुने टायर नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जावेत. ते गुऱ्हाळाच्या चुलवाणात, आंदोलनात किंवा डांबर तापवायच्या भट्टीखाली घालू नयेत. रस्त्याच्या कडेला टायर पेटवून त्यावर डांबराचे पिंप तापवण्याचा प्रकार दिसला तर फोटो काढा आणि लेखी तक्रार करा. तो धूर सगळ्यात आधी तिथे काम करणाऱ्या बायाबापड्यांच्या छातीत जातो.

एका किलोमीटरला किती टायर लागतात?

हिशेब सोपा आहे. रस्ता ३.७५ मीटर रुंद, वरचा थर ३० मिलिमीटर. एका किलोमीटरला ११२.५ घनमीटर माल, म्हणजे सुमारे २७० टन. त्यात साडेपाच टक्के डांबर धरले तर जवळपास १५ टन. त्यात १० टक्के रबर, म्हणजे दीड टन भुगा. ट्रकच्या एका टायरमधून तार आणि धागा वगळून तीस-पस्तीस किलो रबर मिळते असे धरले, तर ४० ते ५० टायर.

खर्च किती वाढतो?

रबराचे डांबर साध्यापेक्षा टनामागे महाग असते. पण मालाच्या वजनात डांबर पाच-सहा टक्केच असते आणि खडी, वाहतूक, पेव्हर (माल पसरवणारे यंत्र), रोलर यांचा खर्च बदलत नाही, म्हणून पूर्ण कामावरची वाढ डांबराच्या दरातल्या वाढीपेक्षा कमी दिसते. नेमका आकडा चालू दरसूचीतून आणि रिफायनरीच्या दरातूनच काढावा, कारण डांबराचे दर वरचेवर बदलतात. तुलना करताना पहिल्या खर्चाची करू नका. दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायची मुदत) संपल्यावर पुढचा थर किती वर्षांनी टाकावा लागतो, त्याची करा.

खेडेगावातल्या छोट्या रस्त्याला चालेल?

जिथे २० मिलिमीटरचे कारपेट (खडी-डांबराचा पातळ थर) आणि त्यावर पाणी अडवणारा सीलकोट होतो, आणि दिवसाला चार ट्रॅक्टर, दोन एसटी जातात, तिथे व्हीजी-३० प्रतीचे साधे डांबर व्यवस्थित तापवून, नीट दाबून टाकले तरी पुष्कळ झाले. तिथले पैसे गटारात घाला.

शिवाय छोट्या कामांवर अजूनही पिंपात लाकूडफाट्यावर डांबर तापवतात. रबराच्या डांबराला हे अजिबात चालत नाही. त्याला थर्मामीटर लावलेली, आत सतत ढवळणारी टाकी लागते.

काम बिघडते कुठे?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो कोणी फारसा विचारत नाही.

पहिले, तापमान. रबराचे डांबर दाट असते, म्हणून मिसळताना ते साध्या डांबरापेक्षा जास्त, साधारण १६५ ते १८५ अंशांपर्यंत तापलेले असावे लागते. कमी तापले तर खडीवर पसरत नाही. फार तापले, किंवा रात्रभर भट्टीवर ठेवले, तर रबर तुटायला लागते, डांबर पुन्हा पातळ होते आणि ज्यासाठी पैसे मोजले तो गुणच जातो. त्याच टँकरवर ‘सीआरएमबी’ लिहिलेले असते, पण आतला माल तो राहिलेला नसतो.

दुसरे, ढवळणे. रबराचे कण जड, ते तळाशी बसतात. टाकी ढवळली नाही तर सकाळच्या गाड्यांना एक माल आणि संध्याकाळच्या गाड्यांना दुसरा.

तिसरे, अंतर. हॉट मिक्स प्लँट शिरोलीकडे आणि काम गगनबावड्याला असेल, तर डंपर पोचेपर्यंत माल निवतो. ताडपत्री घट्ट बांधलेली हवीच. मालाचे तापमान डंपरमध्ये आणि पेव्हरमागे, दोन्हीकडे मोजून वहीत लिहायला हवे. निवलेला माल रोलरखाली दबत नाही, आणि न दबलेल्या थरात पोकळी राहते. पोकळी ८ टक्क्यांच्या पुढे गेली की पाण्याला आत जायला वाट मिळते. रबराचा माल निवत आला की साध्यापेक्षा जास्त अडतो, त्यामुळे रोलरने पेव्हरच्या मागोमागच राहायला हवे.

चौथे, रोलरला माल चिकटू नये म्हणून डिझेल मारणे. हे सर्रास चालते आणि अगदी चुकीचे आहे. साबणाचे पाणी किंवा त्यासाठीचे खास द्रावण वापरावे.

पाचवे, घाई. मार्चअखेरीस बिले काढण्याची किंवा वळिवाच्या आधी काम उरकण्याची. ओल्या पृष्ठभागावर, टॅक कोट (थर चिकटावा म्हणून मारायचा डांबराचा पातळ फवारा) न मारता टाकलेला थर पहिल्याच पावसात पोळीसारखा सुटून येतो.

आपल्या भागातला दगड यासाठी चांगला आहे का?

हो, नशीब आपले. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, कठीण आहे आणि डांबराला ग्रॅनाइटपेक्षा चांगला धरतो. मात्र खाणीतून आलेली खडी मातीने माखलेली असेल तर त्या मातीलाच डांबर चिकटते, दगडाला नाही. पश्चिमेकडच्या सड्यांवर मिळणारा जांभा वरच्या थरात कधीच नको. तो पाणी पितो आणि चाकांखाली भुगा होतो.

प्लास्टिकचा रस्ता आणि रबराचा रस्ता एकच का?

नाही. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिकचे तुकडे तापलेल्या खडीवर टाकून त्यांचा लेप बसवण्याची पद्धत काढली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यात प्लास्टिक आधी खडीवर बसते, डांबर नंतर येते. पाण्याविरुद्ध याचा चांगला उपयोग होतो आणि छोट्या प्लँटवरही जमते. इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ९८ मार्गदर्शिका त्यासाठी आहे. पीव्हीसी मात्र त्यात चालत नाही, तापल्यावर त्यातून विषारी वायू सुटतो.

ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात डांबराला दुसरा काही पर्याय?

लिग्निन. झाडांच्या आणि पिकांच्या काड्यांमध्ये धाग्यांना बांधून ठेवणारा हा नैसर्गिक रेझिनसारखाच पदार्थ आहे. डांबरात काही प्रमाणात लिग्निन मिसळून केलेला महामार्गाचा तुकडा नागपूरजवळ मनसर येथे डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. उसाच्या चिपाडातही लिग्निन असते. आज ते चिपाड बॉयलरमध्ये आणि वीजनिर्मितीत जाते, त्यामुळे लगेच सगळे रस्त्याला मिळेल असे नाही. तरीही इथल्या कारखान्यांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी यात हात घालावा, असे मला मनापासून वाटते.

रबरामुळे नदी, शेती यांना धोका आहे का?

डांबरात बांधले गेलेले रबर जागेवरच राहते. काळजी घ्यायची ती कच्च्या भुग्याची. टायरमधल्या एका रसायनापासून बनणारे द्रव्य अमेरिकेत कोहो सामन जातीच्या माशांना मारते, हे २०२० मध्ये सिद्ध झाले. ते प्रामुख्याने चालत्या गाड्यांच्या झिजलेल्या टायरमधून येते. तरी भुग्याची पोती उघड्यावर, ओढ्याच्या कडेला टाकू नयेत. पंचगंगेवर आधीच बराच भार आहे.

कामगारांना धुराचा त्रास होतो, हे खरे आहे. वॉर्म मिक्स रसायन घातले तर तापमान वीस-तीस अंशांनी कमी ठेवता येते आणि धूरही कमी होतो. निविदेत तशी अट घालायला हरकत नसावी.

निविदेत रबराचे डांबर आहे आणि प्रत्यक्षात साधेच टाकले, हे आम्ही कसे ओळखायचे?

नुसते बघून ओळखता येत नाही. काळेभोर दिसणे म्हणजे रबर नव्हे.

काम सुरू होण्याआधी शाखा अभियंत्याकडे अंदाजपत्रकातली बाब बघा. ‘सीआरएमबी ५५’ किंवा ‘६०’ असे लिहिलेले असेल. २००४ च्या मानकात हा आकडा किमान मृदुबिंदूचा, म्हणजे किती अंशांवर डांबर मऊ पडते त्याचा होता; ते मानक २०१९ मध्ये बदलले. मग टँकरचे चलन आणि त्यासोबतचे चाचणी प्रमाणपत्र मागा. चलनावरची तारीख आणि काम झाल्याची तारीख जुळते का बघा. लवचिक पुनर्प्राप्तीची चाचणी हा खरा पुरावा. २००४ च्या मानकाप्रमाणे सीआरएमबीत १५ अंश तापमानाला ती किमान ५० टक्के लागे, आणि साधे डांबर तिथे पोचत नाही. टाकीतून नमुना घेताना गावातल्या दोघांनी हजर राहावे, डब्यावर सही करावी.

काम झाल्यावर थराचा गोल तुकडा कापून जाडी आणि घनता तपासतात. त्याचे अहवाल माहिती अधिकारात मागता येतात. अर्जात रस्त्याचे नाव, साखळी क्रमांक (काम रस्त्याच्या किती अंतरावर आहे ते) आणि कामाचा आदेश क्रमांक लिहा, म्हणजे ‘माहिती स्पष्ट नाही’ असे उत्तर येणार नाही. दोषदायित्व कालावधी कधी संपतो तेही त्याच अर्जात विचारा, कारण त्या मुदतीत पडलेला खड्डा ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने भरायचा असतो.